एका ‘एस’चे वारस

फोर्टात, बोरा बाझारच्या एका जुन्या इमारतीत, जिन्याखाली म्हणावी इतपत माझी जागा आहे. टेबल, प्रिंटर, आणि वकिलांच्या ऑफिसांतून येणारे कागद. इंग्रजीचं मराठी, मराठीचं इंग्रजी, पानावर पैसे. करारनामे, मृत्युपत्रं, प्रतिज्ञापत्रं. सतरा वर्षं झाली. या कामात माणूस कंटाळतो, पण एखाद्या शब्दावर हात थबकला असं सहसा होत नाही.

त्या गुरुवारी रात्री झालं. गिरगावातली एक पागडीची चाळ रीडेव्हलपमेंटला निघाली होती. करारनामा बेचाळीस पानांचा, इंग्रजीत. मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सह्या नाहीत, असं चाळकऱ्यांनी बिल्डरला सुनावलेलं. सभा शनिवारी संध्याकाळी. अकरावं कलम वारसांचं होतं : ‘दी एअर्स ऑफ दी टेनंट हू रिसाइड्स इन दी सेड रूम शॅल बी एन्टायटल्ड टु दी न्यू फ्लॅट.’

मराठीत हे वाक्य सुरूच करता येईना. ‘जो’ने सुरुवात करू की ‘जे’ने?

इंग्रजीतला ‘हू’ मुखदुर्बळ. बाई असो, पुरुष असो, एक असो की शंभर, तो आपला ‘हू’च. आपल्याकडे जो, जी, जे, ज्या. तोंड उघडलं की लिंग-वचन सांगून मोकळे. या वाक्यात ‘हू’च्या पुढ्यात दोन नावं होती, वारस आणि भाडेकरू. त्यातल्या कोणाबद्दल बोलणं चाललंय हे त्याचं क्रियापद सांगणार, दुसरं कोणी नाही. ‘रिसाइड’ असतं तर राहणारे वारस. ‘रिसाइड्स’ होतं, म्हणजे राहणारा भाडेकरू. हेही वर्तमानकाळ होता म्हणून. ‘रिसायडेड’ किंवा ‘शॅल रिसाइड’ लिहिलं असतं, तर तेवढा पुरावाही उरला नसता.

म्हणजे कागदावर होतं ते असं : जो भाडेकरू खोलीत राहतो, त्याचे वारस. सगळेच आले त्यात. डोंबिवलीतले, दुबईतले, कुठलेही. आणि लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा होतं : भाडेकरूचे जे वारस खोलीत राहतात, ते. मधे फरक एका ‘एस’चा, आणि त्याच्या पलीकडे गिरगावातला तीनशे चौरस फुटांचा फ्लॅट.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं; मराठी शाळांत पहिलीपासून ते २००० साली आलं. बाई सांगायच्या, ‘एस’ नावाला लागला की क्रियापदाचा काढायचा, क्रियापदाला लागला की नावाचा. शेंबड्या पोराचा नियम वाटायचा तो.

सकाळी वकिलांच्या ज्युनियरला फोन केला.

“ताई, तुम्ही पण ना! खोलीत राहणारे वारस. कोणालाही कळतं. तसं लिहून टाका.”

“तसं लिहिलेलं नाहीये.”

“मग सिंग्युलर इन्क्लूड्स प्लूरल आहेच की. पहिल्याच पानावर.”

हे वकिलांचं रामबाण. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमात ते आहे, एकवचनात अनेकवचन धरावं आणि उलटही. तो नियम कायद्यांसाठी. करारनाम्यात तसलं वाक्य आपलं आपण घालावं लागतं, आणि सगळे घालतात. मी म्हटलं, “त्यानं एका भाडेकरूचे चार भाडेकरू होतील. भाडेकरूचा वारस कसा होईल?”

पलीकडे शांतता. मग मी आधीचा मसुदा मागवला. त्यात ‘रिसाइड’च होतं, बिनएसचं. कॉम्प्युटरने खाली निळी रेघ मारली असणार आणि पोरानं क्लिक करून टाकलं. यंत्राला काय, ‘हू’च्या अगदी शेजारी ‘टेनंट’ बसलेला दिसला, तोच कर्ता. माणसंही हेच करतात.

त्याला हसायला मला तोंड नव्हतं. धंद्यात नवी असताना एका प्रतिज्ञापत्रात मी ‘ही इज वन ऑफ दी टेनंट्स हू हॅज नॉट रिसीव्ह्ड दी नोटिस’ असं लिहिलं होतं. ‘वन’ दिसला, ‘हॅज’ ठोकलं. खोताच्या वाडीतल्या एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, बाई तेव्हा माझं इंग्रजी तपासून द्यायच्या. निवृत्त शिक्षिका. त्यांनी ‘हॅज’वर काट मारून ‘हॅव’ केलं. नोटीस न मिळालेले बरेच, त्यांपैकी हा एक. ‘हू’ त्या बऱ्याच जणांचा. मात्र ‘दी ओन्ली वन’ असतं तर ‘हॅज’, कारण मग तो एकटाच. मराठीत हा खड्डाच नाही. ‘ज्या भाडेकरूंना नोटीस मिळाली नाही, त्यांपैकी हे एक’, संपलं. मला पटेना, तर बाईंनी प्रार्थनाच म्हणून दाखवली, १६११च्या बायबलातली : ‘आवर फादर व्हिच आर्ट इन हेवन.’

“बापाला ‘इज’ पाहिजे होतं ना? मग ‘आर्ट’ का? कारण हाक मारतोय त्याला, ‘दाऊ’ म्हणून. जुन्या इंग्रजीतला ‘तू’ तो, आणि त्याचं क्रियापद ‘आर्ट’. ‘व्हिच’नं तो ‘तू’ पोटात घेतला नि क्रियापदाला दिला.”

तेव्हापासून ‘आय, हू ॲम’ लिहिताना माझा हात अडखळत नाही. आपणही ‘मी, जी उद्या सही करीन’ म्हणतो. ‘करील’ नाही म्हणत.

शुक्रवारी दुपारी मोठ्या वकीलसाहेबांचा निरोप आला : आहे तसं भाषांतर करा, दुरुस्ती आम्ही पाठवतो. शनिवारी सहापर्यंत दुरुस्ती काही आली नाही. मी आहे तसं भाषांतर घेऊन चाळीत गेले.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सतरंज्या टाकल्या होत्या. पुढच्या खुर्चीत नव्वदीच्या आजी. खोली त्यांच्या नावावर. धाकटा मुलगा-सून त्यांच्याजवळ राहतात. थोरले डोंबिवलीहून मुद्दाम आले होते. मी अकरावं कलम वाचलं. थोरल्यांनी मान डोलावली. धाकट्याची बायको उठून उभी राहिली.

“हे कुठून आलं? बिल्डरनं राहणाऱ्यांना म्हणून सांगितलं होतं!”

“कायदाही तेच म्हणतो,” धाकटे म्हणाले.

म्हणतो खरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारल्यावर राहत्या खोलीचा हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तसं कोणी नसेल तरच इतर वारसाकडे. तिथेही ‘हू’ आहे, पण ‘भाडेकरूबरोबर राहणारा’ म्हटल्यावर घोळ व्हायला जागा नाही. भाडेकरू स्वतःबरोबर कसा राहील? इथे मात्र प्रश्न कायद्याचा नव्हता, करारात काय लिहिलंय याचा होता. दोघे भाऊ माझ्याकडे बघत होते, जणू तो ‘एस’ मी घरून पर्समध्ये घालून आणला होता.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, “अगं पोरी, मी मेल्यानंतरचं वाचतेस ना? मग जरा मोठ्यानं वाच. ऐकू येत नाही मला.”

कोणी हसलं नाही.

ज्युनियरने वकीलसाहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकला. मी दोन्ही अर्थ मराठीत सांगितले, जो आणि जे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि इंग्रजी वाक्य नव्यानं सांगितलं : ‘सच एअर्स ऑफ दी टेनंट ॲज रिसाइड इन दी सेड रूम.’ जुन्या कोर्टाचं इंग्रजी. पण ऐकताना मला वाटलं, हे तर आपलं ‘जे वारस… ते’. ‘हू’ हद्दपार, आणि ‘सच’ थेट वारसांच्या डोक्यावर बसलेला. ज्युनियरने पेनाने काट मारून वर बारीक अक्षरात लिहिलं. मी खाली मराठी लिहिलं.

थोरले काही बोलले नाहीत. चप्पल शोधत बसले.

सह्या सुरू झाल्या. आजींचं एकेक पान धाकटी सून उलटत होती. अकराव्या कलमाचं पान आलं तसं आजींनी पेन उचलून धरलं.

“हे राहू दे. आधी दोघं रात्री इथे जेवा.”

बाकीच्या एकेचाळीस पानांवर त्यांनी सही केली.