दवाखाना घर की दुकान? आमच्या नकाशांचा अनुभव

पुनर्विकासावर लिहिणारे बहुतेक जण बिल्डर कसा निवडावा आणि कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती ठोक रक्कम) किती मागावा इथवर येऊन थांबतात. आमच्याकडे बिल्डरच नाही. स्वयंपुनर्विकास आहे, सोसायटी स्वतःच इमारत नव्यानं बांधते, म्हणजे अर्जदार सोसायटी आणि सेक्रेटरी म्हणून सगळ्या सह्या माझ्या. तळमजल्याला गाळे, वर फ्लॅट, प्लॉट रस्त्याला लागून. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालची सभा, 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे 51 टक्के संमती, व्हिडिओ चित्रीकरण हे सगळं रीतसर झालं. वृक्ष प्राधिकरण आणि अग्निशमन विभाग यांनीही फार छळलं नाही. मला लिहायचंय ते महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशे मंजूर करणाऱ्या एका टेबलाबद्दल. शहराचं नाव देत नाही. सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, हातात आली असली तरी भोगवटा प्रमाणपत्र त्याच इमारतीतून घ्यायचंय.

घोडं अडलं ते डॉक्टरांच्या दवाखान्यावर.

आपल्याकडे मुंबई आणि काही अपवाद सोडले तर डिसेंबर 2020 पासून बांधकामाची एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते; तिच्यात मूळ एफएसआयवर पूरक एफएसआय मिळतो: घरांसाठी 60 टक्क्यांपर्यंत, दुकानं आणि ऑफिसांसाठी 80 टक्क्यांपर्यंत. पार्किंगचा हिशोबही दोघांचा वेगळा. त्यामुळे मिश्र इमारतीत प्रत्येक खोलीला आधी जात चिकटवावी लागते, मगच बेरजा सुरू होतात. किराणा दुकान सरळ आहे, टू-बीएचके सरळ आहे. आमच्या डॉक्टरांनी मात्र जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊन तिथे दवाखाना थाटला होता आणि नव्या इमारतीतही त्यांना पहिलाच मजला हवा होता. आजूबाजूला सगळी राहती घरं.

आर्किटेक्टनं तो निवासी धरला. शेरा आला, अनिवासी दाखवा. तक्ते बदलले, एफएसआयची बेरीज बदलली, पार्किंग बदललं, माझ्या सह्या पुन्हा झाल्या, पुन्हा अपलोड. पुढचा शेरा: अनिवासी असेल तर येण्याजाण्याची वाट वेगळी दाखवा. दाखवली. त्यापुढचा: वाट वेगळी केल्यामुळे खालच्या दोन स्कूटरच्या जागा जातात, त्या कुठे? त्या हलवल्या. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल पाहून सांगितलं, "मॅडम, हे आधी निवासी होतं तेच बरोबर होतं की."

त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

एकटी गेले की "तुमचे आर्किटेक्ट कुठायत?" आणि आर्किटेक्ट एकटे गेले की "सोसायटीचं कोण आलंय?" दोघं गेलो की साहेब मीटिंगला. आमच्या मागच्या गल्लीत एकानं छोट्या प्लॉटवर बंगला बांधायला काढला, त्याला परवानगी मिळून पायाही खोदून झाला. तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नियमावलीतच दहा दिवसांची सोय आहे, त्यामुळे त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. तरी रागावले.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 45, पोटकलम 5. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आमच्या कमिटीतले एक काका तर दिवस मोजत बसले होते. पण पुढची ओळ कुणी वाचत नाही. साठ दिवस अर्जापासून किंवा त्यांनी काही मागवलं असेल तर आपण दिलेल्या उत्तरापासून, यातलं जे नंतर येईल तिथून मोजायचे. म्हणजे एक शेरा, एक उत्तर, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणणार नाही. पण शेरे एकेक करून येत राहिले तर साठावा दिवस उगवतच नाही, आणि तो लांबतो आपल्याच उत्तरानं.

शिवाय तीच कलम सांगते की प्रस्ताव नियमावलीत तंतोतंत बसत असेल तरच ही मानीव परवानगी. बसतो की नाही यावरच तर भांडण! आमच्या आर्किटेक्टनं स्पष्ट सांगितलं, "ताई, त्या जोरावर कुदळ मारू नका, बँक पैसे सोडणार नाही."

मग मी दोन गोष्टी केल्या, आणि त्यांचा मला अजूनही अभिमान आहे. पहिली, पोर्टलवरचा संवाद थांबवून कागदावर पत्र दिलं: प्रस्तावातील सर्व त्रुटी एकत्रित व लेखी कळवाव्यात. आवक विभागात दिलं, पोच घेतली, प्रत वरच्या साहेबांना. दुसरी, दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात आमच्याच फाइलची पाहणी मागितली. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, तेवढा पुरला. टिपणीच्या पानांवर दिसलं की दवाखान्याचा प्रश्न केव्हाच वर गेला होता आणि "तपासून सादर करा" एवढ्या शेऱ्यानिशी खाली आला होता. कुणी काही तपासलं नव्हतं. त्याच पानावर आणखी एक प्रश्न होता, गाळेधारकांची स्वतंत्र संमती आहे का? आम्हाला तो कधी विचारलाच नव्हता, आणि संमती माझ्या पिशवीत होती.

शेवटी आम्हीच एक बाजू पक्की केली: दवाखाना अनिवासी, वाट बाजूच्या पॅसेजमधून, पार्किंग दुकानांच्या हिशोबानं. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, सोबत टिपणीच्या पानांची साक्षांकित प्रत. त्यानंतर फाइल ज्या वेगानं हलली ते बघून आनंदापेक्षा चीडच जास्त आली. प्रीमियमचं, म्हणजे महापालिकेकडे भरायच्या शुल्काचं, चलन निघालं तेव्हा आर्किटेक्ट पेढे घेऊन आले. मी म्हटलं, आधी चलनावरचं क्षेत्रफळ तपासा.

तुमच्या इमारतीत दवाखाना, शिकवणी, ब्यूटी पार्लर असं घरात चालणारं काही असेल तर नकाशे काढायच्या आधीच त्याची जात ठरवा आणि संबंधित सभासदाची सही घ्या. आमचे डॉक्टर फार समजूतदार, प्रत्येक बदलाला "चालेल" म्हणाले. सगळेच म्हणतील असं नाही.

गाळेधारकांची सभा वेगळी घ्या. फ्लॅटवाले कार्पेट एरिया मोजतात, दुकानदार दर्शनी बाजू मोजतो. आमचे किराणावाले म्हणाले, "आत किती देता ते सोडा ताई, रस्त्यावरून माझी पाटी दिसली पाहिजे." नकाशावर प्रत्येक गाळ्याची रस्त्याकडची लांबी लिहून त्यावर सही घेतली म्हणून पुढे कुणी हरकत घेतली नाही.

हे खरं तर सगळ्यात आधी यायला हवं होतं: प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र आणि मोजणीतलं क्षेत्र जुळतंय का बघा. तफावत निघाली की कमी असेल ते धरतात, आणि त्यावरच पुढचा सगळा एफएसआय ठरतो. मोजणी नकाशे काढायच्या आधी करून घ्या, नंतर नाही.

आणि सीसीवरची तारीख बघून ठेवा. कायद्यानं तिची मुदत एक वर्षाची. नूतनीकरणाचा अर्ज त्याच टेबलावर जातो.