शाळेच्या लॅबमधली गॅसलाइन तपासून घेतली, त्याचा माझा अनुभव

माझी लेक नववीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, आई लॅबमध्ये गॅसचा वास येतो, मागच्या रांगेत बसलं की जास्तच येतो. बाईंना सांगितलंस का विचारलं तर म्हणे सांगितलं, त्या खिडक्या उघडायला लावतात. मी त्याच शनिवारी शाळेत गेले. लॅबचे काका जुने आहेत, अतिशय सज्जन माणूस, ते म्हणाले "ताई, हा वास पहिल्यापासूनचा आहे, आम्हाला तर आता येतही नाही."

हे ऐकून मला धसकाच बसला. कारण नाकाला वासाची सवय होते, सतत तोच वास असला की थोड्या वेळाने तो जाणवायचा थांबतो, म्हणजे काकांना वास येत नाही याचा अर्थ गळती नाही असा होतच नाही. आणि खिडकीचं म्हणाल तर एलपीजी, म्हणजे सिलेंडरमधला गॅस, हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, ओट्याखाली, ड्रेनेजच्या जाळीपाशी, कपाटामागे साचतो. वरच्या खिडकीने तो कसा जाणार? हवेत साधारण २ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो.

मुख्याध्यापिका मॅडमनी नीट ऐकून घेतलं, पण फाइल काढून समोर ठेवली, "आपलं फायरचं सगळं झालेलं आहे." जानेवारीचं फॉर्म बी होतं, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे लायसन्स असलेल्या एजन्सीकडून हे सर्टिफिकेट वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. मी तिथेच बसून अख्खं वाचलं. फायर एक्स्टिंग्विशर, होज रील, पाण्याची टाकी, सगळं होतं, पण लॅबच्या गॅसलाइनबद्दल त्या फाइलमध्ये एक ओळ नव्हती! आग लागल्यावर विझवायची तयारी होती, लागू नये म्हणून पाइप कोणी तपासलाच नव्हता.

मग फोनाफोनी. गॅस एजन्सीवाले म्हणाले आम्ही सिलेंडर, रेग्युलेटर आणि नळी बघू, आतली लाइन ज्याने टाकली त्याला विचारा. ज्याने टाकली त्याचं दुकान कधीच बंद झालेलं. एजन्सीच्या मुलाने येऊन जेवढं त्याचं काम तेवढं मात्र मनापासून केलं, नळीवर छापलेली तारीख दाखवली, ५ वर्षं उलटून गेलेली होती, लगेच बदलली. मग गॅस पाइपिंगच्या ठेकेदारांकडून कोटेशन मागवली. त्यातला एक म्हणाला, मॅडम लॅबचे फोटो व्हॉट्सअॅप करा, सर्टिफिकेट उद्या मिळेल. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ हात थरथरत होते, चाळीस मुलं उभी असतात तिथे बर्नर पेटवून.

खर्चाचा प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये आला. एक बाबा म्हणाले सिलेंडर तर प्रत्येकाच्या घरात आहे, एवढं काय. तेव्हा मी त्यांना न्यू लंडनच्या शाळेबद्दल सांगितलं. अमेरिकेत टेक्सासमध्ये हे गाव आहे. पैसे वाचवायला म्हणून शाळेने नेहमीचा गॅस बंद करून तेलकंपनीच्या लाइनमधून उरलेला गॅस घेतला, त्याला वासच नव्हता, तो गळून इमारतीखालच्या पोकळीत साचत गेला आणि कोणाला कळलं नाही. १८ मार्च १९३७ ला दुपारी, शाळा सुटायच्या थोडं आधी, वर्कशॉपमध्ये एक मशीन चालू केलं, ठिणगी पडली आणि शाळाच उडाली. जवळजवळ ३०० जीव गेले, बहुतेक मुलंच. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळायचा कायदा केला, आपल्या सिलेंडरचा वासही गॅसचा स्वतःचा नाही, मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा आहे. आणि तिथे आता शाळांच्या गॅसलाइनची प्रेशर टेस्ट दर दोन वर्षांनी, शाळेचं वर्ष सुरू व्हायच्या आधी, करावीच लागते. आपल्याकडे तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेच्या स्वयंपाकघरातून आग लागून ९४ मुलं गेली, ते सगळ्यांना आठवत होतं. मीटिंगमध्ये मग कोणी काही बोललं नाही, खर्च मंजूर झाला.

टेस्टच्या दिवशी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी स्वतः थांबले. ठेकेदाराच्या दादाने सिलेंडर काढून बाहेर नेला, सगळे कॉक बंद केले, लाइनमध्ये पंपाने हवा भरली आणि प्रेशर मोजायचा गेज लावला. रोज गॅसचं जेवढं प्रेशर असतं त्यापेक्षा जास्त प्रेशर ठेवायचं आणि काटा बघत बसायचं, एवढंच. पाच मिनिटांत काटा खाली यायला लागला. साबणाचं पाणी लावलं तर तीन कॉकवर बुडबुडे आले, ते घट्ट केले, तरी काटा उतरतोच. मग एकेक रांग वेगळी करून बघत गेलो तर मागची रांग निघाली. तिथे सिंकचा पाइप कित्येक वर्षं झिरपत होता, भिंतीतला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप त्या ओलीने गंजून गेलेला. भिंत फोडल्यावर दादाने बोटाने दाबला तर पापुद्रे निघाले हो. काका बराच वेळ तिथेच उभे होते, काही बोलले नाहीत, मग मला म्हणाले "मी रोज इथेच उभा असतो ताई."

पुढची कामं भराभर झाली. नवी लाइन भिंतीच्या बाहेरून टाकली म्हणजे डोळ्यांना दिसते, सिलेंडर लाकडी कपाटातून काढून बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवला, बाईंच्या टेबलाजवळ एक मेन कॉक बसवला. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, गॅस डिटेक्टर (गळती झाली की वाजणारं यंत्र) आणला, तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावला कारण एलपीजी खाली बसतो. पाइपने येणारा पीएनजी असेल तर उलट, तो हलका, तिथे छताजवळ लावायचा असतो. परत टेस्ट केली, अर्धा तास काटा हलला नाही. मॅडमनी स्वतः गेजचा फोटो काढला आणि रिपोर्ट जुलैच्या फॉर्म बीसोबत त्याच फाइलमध्ये लावला. लॅबच्या दारावर आता १९०६ नंबर आहे, गळती झाली तर फोन करायचा.

हे एका शाळेत झालं ते माझी मुलगी मागच्या रांगेत बसते म्हणून. बाकीच्या शाळांचं काय, हे डोक्यातून जात नाही. लॅब असो की पोषण आहाराचं स्वयंपाकघर, गॅसलाइनची प्रेशर टेस्ट दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत सक्तीची करावी, रिपोर्ट पालकांना दिसेल असा नोटीस बोर्डवर लावावा आणि टेस्ट पालक प्रतिनिधीसमोर व्हावी, असा अर्ज मी शिक्षण विभागाला दिलाय, त्यावर आमच्या शाळेतल्या ६२ पालकांच्या सह्या आहेत आणि पहिली सही काकांची आहे, त्यांची नात याच शाळेत पाचवीला आहे. पोच घेतलीय. सोमवारी परत जाणार आहे, गंजलेल्या पाइपचा तुकडा पिशवीत घेऊन.