दोन बोटांची फट

ज्या गावात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येते, त्या गावातल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शिडाची होडी उभी असणे हे शेजाऱ्यांच्या दृष्टीने एक तर श्रीमंतीचे लक्षण असते किंवा वेडाचे. आणि माझी मोटार सर्वांनी पाहिलेली असल्यामुळे पहिल्या शक्यतेचा विचार कोणी केलाच नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी, सोलापूर दारे-खिडक्या लावून झोपलेले असताना, मी होडीवरची धूळ झटकत होतो. आडव्या ठेवलेल्या डोलकाठीवरून सवयीने हात फिरवताना लक्षात आले की, डोलकाठी आणि वरचा सांडपाण्याचा पाइप यांच्यामध्ये एरवी माझी दोन बोटे सहज मावतात, तिथे आता एकच बोट जात होते. पाइपाचा एक क्लॅम्प सैल झाला होता आणि पाइपाने किंचित पोट सोडले होते. प्लंबरला निरोप धाडला, पण दुपारची झोप गेली ती गेलीच.

आमच्या पार्किंगचा स्लॅब कागदावर चांगला उंच आहे. मात्र कागदावर स्लॅब असतो आणि प्रत्यक्षात बीम असतो, बीमच्या खाली पाइप असतो, आणि सांडपाण्याच्या पाइपाला उतार द्यावा लागत असल्याने तो पुढे पुढे खाली येत जातो. माझी जागा ओळीतली शेवटची, चेंबरच्या बाजूची. म्हणजे साऱ्या इमारतीची मोरी जिथे सर्वांत खाली वाकते, नेमकी तिथे. पाइपाखाली फरशीपर्यंत 5 फूट 7 इंच. मोटार ठेवणाऱ्यांना याचे काहीच वाटत नाही.

होडी एन्टरप्राइज जातीची आहे. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने 1956 साली आखलेली, साधारण सव्वातेरा फूट लांब, सव्वापाच फूट रुंद, दोन माणसांची, परंपरेने निळ्या शिडाची. मी ती पुण्याकडून जुनी घेतली. डोलकाठी उतरवता येते, तशी ती उतरवतोही. पण ती होडीपेक्षा बरीच लांब असल्यामुळे आडवी झाली की पुढे आणि मागे डोकावते. होडीच्या काठावर ती टेकवावी तर तळाशी पावसाळी ताडपत्रीचे पाणी साचते, म्हणून लाकडी घोडीवर जुन्या सोलापुरी चादरीची घडी घालून ती वर उचलून ठेवावी लागते. या चादरीची जाडीसुद्धा मी मोजलेली आहे.

पाण्यावर होडीचा सगळा हिशेब खालचा असतो. उजनी धरणाच्या फुगवट्यात उन्हाळ्याच्या तोंडाला शिरताना मधली फळी, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी खाली-वर होणारी फळी, किती खाली सोडायची, गाळ कुठे वर आला आहे, बुडालेल्या बाभळीचा शेंडा कुठे असेल, याकडेच लक्ष असते. उजनीच्या 117 टीएमसीपैकी निम्म्याहून जास्त साठा मृत साठ्यात, म्हणजे उपयुक्त पातळीखालच्या पाण्यात, मोडतो, त्यामुळे आमच्याकडे धरण ‘मायनसमध्ये’ जाते आणि तरीही त्यात पाणी असते, ही गोष्ट बाहेरगावच्या पाहुण्यांना समजावून सांगण्याचा नाद मी सोडून दिला आहे. घरी आणल्यावर मात्र तोच हिशेब उलटा होतो. तिथे फळी वर ओढून वाचायचे, इथे काठी खाली घेऊन. होडीला मोकळे असे कुठेच नसते, हे ती घेताना मला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी मी घेतलीच असती.

वर पाहत चालण्याची ही खोड मला लहानपणीच लागली. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या यात्रेचे सात नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघत. पांढरी बाराबंदी घातलेला मानकरी ती उंच काठी कमरेशी पेलून एकेक पाऊल टाकत येई आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या तारा लोंबत असत. लोक हर्र बोला हर्र म्हणत, फुले उधळत, हात जोडत. मी वडिलांच्या खांद्यावर बसून काठीचा शेंडा आणि तार यांच्यामधल्या आकाशाकडे टक लावून बघत असे. कोणीतरी लांब बांबूने तार वर उचलून धरी. शेंडा खालून निघून गेला की माझा अडकलेला श्वास सुटे. देवाला नमस्कार करायचा राहून जाई आणि आई रागावे. पुढे रेल्वेच्या पुलाखालून कडब्याची गाडी जाताना पाहिली काय, लग्नाच्या मांडवाच्या कमानीखालून घोड्यावरचा नवरदेव वाकताना पाहिला काय, माझे डोळे त्या फटीवरच खिळतात. ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी असताना तारेखाली जाणे जिवावर बेतू शकते, म्हणून धरणाच्या काठावर काठी उभारण्याआधी मी अजूनही आकाश नीट तपासून घेतो.

ट्रेलर अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात बांधून घेतला. तिथल्या मिस्त्रीने जन्मभर उसाच्या ट्रॉल्या बांधलेल्या. त्यामुळे त्याने जीपची चाके लावून असा भक्कम ट्रेलर केला की, त्यावर दोन टन ऊस सुखाने गेला असता. होडीचे सांगाडे-वजन शंभर किलोच्या आतले. उंची अर्थातच पाइपाच्या वर गेली. मग स्प्रिंगचे पाटे एक्सलवर होते ते एक्सलखाली बांधले, तसा ट्रेलर पाट्यांच्या आणि एक्सलच्या जाडीइतका, म्हणजे साधारण 4 इंच, खाली बसला. मिस्त्री नाराज होता. ट्रॉली जितकी उंच तितकी चिखलातून निघते, हे त्याचे म्हणणे त्याच्या जागी अगदी बरोबर होते.

सपाटीवर मोजलेली उंची उतारावर खोटी ठरते, हा या प्रकरणातला खरा गाभा आहे आणि याबद्दल मी कोणाशीही, कितीही वेळ बोलू शकतो. आमचे पार्किंग रस्त्यापेक्षा खाली आहे. ट्रेलर मागच्या मागे रॅम्पवरून उतरवला की चाके तळाच्या फरशीवर येतात, पण पुढचा दांडा मोटारीला जोडलेला असून मोटार अजून चढावर असते. साहजिकच नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उठते आणि दारावरच्या बीमशी भेट घेऊ पाहते. तेव्हा चाकांना दगड लावून, हूक सोडवून, दोघांनी दांडा हाताने खाली दाबायचा. नाळ वाकते, पण त्याच क्षणी डोलकाठीचे मागचे टोक वर जाऊ लागते आणि तिथे पाइप वाट बघत असतो. पुढच्या बीमला दिलेला प्रत्येक इंच मागच्या पाइपाकडून वसूल होतो. म्हणून एकाने पुढे, एकाने मागे, आणि आवाज देणारा एकच. दोघांनी आवाज दिला की घात.

ट्रेलर मागच्या मागे घालण्याची कला मला इंटरनेटवरून नव्हे, गळीत हंगाम संपून मोकळ्या झालेल्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून मिळाली. दोन-दोन ट्रॉल्या साखर कारखान्याच्या गव्हाणीच्या तोंडाशी मागे नेणारा माणूस तो. "मालक, जिकडं न्यायचं त्याच्या उलटं स्टेरिंग मारायचं, अन् थोडंच मारायचं. ही ट्रॉली आखूड हाय, लगीच दुमडती." त्याने बिडी न विझवता होडी आत घातली. जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्याला त्याचे काहीच कौतुक वाटले नाही.

चाकांतली हवा सोडण्याचा सल्ला प्रत्येक जण देतो. सोडली की दीड-दोन इंच मिळतात हे खरे. परंतु उभ्या उभ्या टायरच्या कडा चिरतात, आणि बाहेर काढताना पुन्हा तीच कसरत असते. त्यापेक्षा लाकडी घोडीचा पाय तासलेला बरा.

तळाचे बूच मात्र मी घरी नेहमी काढून ठेवतो. जोराच्या पावसात रस्त्याचे पाणी पार्किंगमध्ये उतरते. बूच लावलेले असेल, तर होडी आपला धर्म पाळून तरंगेल आणि वरच्या पाइपाला जाऊन भिडेल, त्यानंतर साऱ्या इमारतीची मोरी होडीत. पूर आला तर आम्हालाही घ्या, असे म्हणणाऱ्या शेजारच्या काकांना हे मी एकदा सविस्तर समजावून सांगितले. त्यानंतर त्यांनी तो विनोद केलेला नाही.

आता त्या पाण्यावरच उपाय म्हणून सोसायटीने तळ उंच करण्यासाठी खडी-रेती टाकून, त्यावर पेव्हिंग ब्लॉक बसवण्याचे ठरवले आहे. ब्लॉकची जाडी 60 मिलिमीटर, खालची रेती वेगळी. सभेत सर्वांनी हात वर केले. माझा विरोध इतिवृत्तात मोजमापांसह नोंदवावा, असे मी सचिवांना लेखी कळवले आहे.