७७ ग्रेनपर्यंत जमलं, ८० ला ट्विस्ट कमी पडतोय

तर २२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसात जड बुलेट्स स्वतः भरायचं काम कुठवर आलंय ते सांगतो (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं एकक). आधी बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या पिळदार खाचांचा एक फेरा किती इंचात पूर्ण होतो ते, स्वतः मोजला, फिरत्या हँडलच्या क्लीनिंग रॉडला घट्ट पॅच लावला, रॉडवर मार्करची खूण केली आणि रॉडचा एक पूर्ण फेरा व्हायला किती इंच आत जावं लागतं ते बघितलं. बॅरलवर शिक्का १:९ चा, म्हणजे नऊ इंचात एक फेरा, असा आहे पण माप दर वेळी सव्वानऊच्या आसपास येतंय, आणि हा पाव इंच जड बुलेटला चांगलाच नडतो.

सगळे ग्रेन ग्रेन करतात पण खरा खेळ लांबीचा आहे. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिलने १८७९ मध्ये ट्विस्टचा जो नियम मांडला त्यातही व्यास आणि लांबीच आहे, वजन नाहीच. म्हणून तर तेवढ्याच वजनाची पूर्ण तांब्याची बुलेट शिशाच्या बुलेटपेक्षा लांब भरते आणि तिला जास्त फास्ट ट्विस्ट (कमी इंचात एक फेरा) लागतो. बुलेट हवेत कितपत स्थिर राहील ते काढायला मी मिलरचा फॉर्म्युला वापरतो, त्यात स्टॅबिलिटीचा आकडा १.४ च्या वर हवा. माझ्या बॅरलला ६९ ग्रेन १.५७ येते, भोकं एकदम गोल, ग्रुप (गोळ्या किती जवळजवळ लागतात) मस्त. ७७ ग्रेन १.३ येते, म्हणजे काठावर, तरी ग्रुप धरते. ८० ग्रेन मात्र १.११, आणि थंडीतल्या सकाळी टार्गेटवर भोकं लांबट दिसली, एका बाजूला काळा ओरखडा, म्हणजे बुलेट तिरकी जातेय हे उघडच आहे. थंड हवा दाट असते त्यामुळे उन्हाळ्यात जेमतेम चालणारा लोड (बुलेट आणि पावडरची जोडी) हिवाळ्यात डगमगतो. अमेरिकी लष्करी रायफल एम१६ चा ट्विस्ट १:१४ वरून १:१२ केला तोही याच कारणाने.

अशा वेळी पावडर वाढवून स्पीड घे असा सल्ला हमखास मिळतो, प्लीज तसं करू नका. मिलरमध्ये स्पीडचं फक्त घनमूळ येतं, सेकंदाला २८०० चे २९०० फूट केले तरी स्टॅबिलिटी जेमतेम एक टक्का वाढते आणि प्रेशर मात्र भलतंच चढतं. जड बुलेट घेतली की रीलोडिंग मॅन्युअलमधल्या त्याच बुलेटच्या स्टार्टिंग लोडपासूनच (सुरुवातीला दिलेली कमी पावडर) वर यायचं.

८० ग्रेन तशीही मॅगझिनच्या लांबीत बसवत नाही, एकेक करूनच भरतो. आता १:८ चं बॅरल बघतोय, त्यात हीच बुलेट दीडच्या जवळ जाते. तोवर ७७ च्या सीटिंग डेप्थवर (बुलेट काडतुसात किती आत बसवायची त्यावर) काम चालू आहे, कोणी सव्वानऊच्या बॅरलमध्ये ७५ ग्रेन थंडीत मारली असेल तर भोकं कशी आली ते नक्की सांगा.