स्पीकरचं कडं आणि हरवलेल्या टाचण्या

माझ्या शिवणाच्या डब्यात एक काळं, जड कडं आहे. बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक. ते उचकटून काढायला माझी अख्खी दुपार गेली आणि काढताना त्याचा एक टवका उडाला. तेव्हा कळलं की हे लोखंड नव्हेच. हे फेराइट, म्हणजे भाजलेल्या मातीच्या जातीचं, ठिसूळ.

टाचण्यांचा डबा हातून पडला (माझ्या हातून तो पडतोच) की मी हे कडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते आणि पिशवी फरशीवरून फिरवते. टाचण्या पिशवीला बाहेरून चिकटतात. मग पिशवी डब्यावर धरायची आणि आतलं कडं वर काढून घ्यायचं, सगळ्या टाचण्या खाली. पिशवीशिवाय केलं तर एकेक टाचणी ओढून काढत बसावं लागतं. पितळेच्या टाचण्या मात्र काही केल्या येत नाहीत, त्या पायालाच सापडतात.

एकदा शिवताना हे कडं लॅपटॉपच्या कडेवर ठेवलं आणि स्क्रीन काळी झाली. बटण दाबलं की उजळायची, पुन्हा काळी. दुरुस्तीला न्यायला पिशवीत भरायला घेतला, कडं उचललं, आणि लॅपटॉप ठणठणीत! झाकणात इवलंसं लोहचुंबक असतं आणि खाली ते ओळखणारा सेन्सर; माझ्या कड्यामुळे त्याला झाकण मिटल्यासारखं वाटत होतं. अशा सेन्सरमागचा, लोहचुंबकाचा वाहत्या विजेवर होणारा परिणाम एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ साली शोधला. माझा अर्धा तास त्याच्या नावावर.

पण घरातलं सगळ्यात कामाचं लोहचुंबक दिसतच नाही. फ्रिजच्या दाराभोवतीच्या रबरात एक लवचीक पट्टी असते, तिच्यात फेराइटचीच पूड. म्हणजे माझ्या कड्याची चुलत बहीणच. पूर्वीच्या फ्रिजना बाहेरून खटका असे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळताना मुलं आत अडकून गुदमरायची. दार आतूनही उघडता आलं पाहिजे असा कायदा अमेरिकेने १९५६ साली केला आणि खटका जाऊन ही पट्टी आली. आमच्या फ्रिजचं दार नीट लागेना तेव्हा मी लोहचुंबकाला दोष देत होते. खाचांमधला चिकट मळ कोमट पाण्याने पुसला, दार लागलं. आता अधूनमधून दारात कागद धरून बंद करते आणि ओढून बघते. सहज सरकला तर तिथलं रबर पुसायचं.

बटणाएवढी पण फार जोरदार, निओडिमियम नावाचा धातू असलेली ती चकचकीत लोहचुंबकं मात्र मी घरात ठेवत नाही. भाचा लहान आहे, सगळं तोंडात घालतो. अशी दोन पोटात गेली तर आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना खेचतात, मधला भाग चिमटून त्याला भोक पडू शकतं.

कड्याशेजारी राहून राहून माझ्या कात्रीलाही चुंबकपणा आलाय, कापताना टाचण्या पात्याला येऊन चिकटतात. परवा सुई हरवली म्हणून कडं पिशवीत घालून दोन खोल्या झाडून काढल्या. सुई कात्रीला लटकलेली होती, आणि कात्री माझ्या मांडीवर.