तुम्ही विचारलंत म्हणून : इन्कांच्या वाटेवर सायकल चालते का?

पेरूला जाऊन आले हे कळलं की सायकलवाली मंडळी विचारतात, "माचू पिचूपर्यंत सायकलने गेलात?" ट्रेकवाले विचारतात, "डोंगरच चढायचा होता तर सायकल कशाला?" दोघांना एकदमच उत्तर देऊन टाकते.

माचू पिचू म्हणजे पेरूच्या डोंगरातलं इन्कांचं जुनं शहर, आणि इन्का म्हणजे स्पॅनिश लोक येण्यापूर्वी तिथे राज्य करणारे लोक. तिकडे जाणाऱ्या प्रसिद्ध इन्का ट्रेलवर सायकल नेताच येत नाही. साधारण ४३ किलोमीटरची, चार दिवसांची ती वाट फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे. दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश, आणि त्यातच वाटाडे नि हमालही मोजलेले. फेब्रुवारीत डागडुजीसाठी वाट बंद. दगड खरवडू नयेत म्हणून हातातल्या काठीच्या टोकालासुद्धा रबराचं टोपण लागतं. मला हे नियम पटतात. आणि ते नसते तरी ४,२१५ मीटरवरच्या खिंडीकडे जाणाऱ्या त्या पायऱ्यांवर सायकल चालवणार कशी? ती तुमच्या खांद्यावर बसून वर येणार.

याचं कारण इन्कांच्या वाहतुकीत आहे. त्यांच्याकडे गाडी नव्हती, घोडा नव्हता. ओझं वाहायचं माणसांनी नाहीतर लामा नावाच्या, उंटाच्या कुळातल्या जनावरांनी. लामा पंचवीस-तीस किलो घेऊन पायऱ्या चढतो, मग वळणावळणाचा, हळूहळू चढणारा रस्ता करण्याचा खटाटोप कशाला? डोंगर आडवा आला की बांधा पायऱ्या. आपल्या नाणेघाटाच्या फरसबंदीवरून उतरताना गुडघ्यांना जे कळतं तेच इथे, फक्त कित्येक पटींनी. कोलंबियापासून चिले-अर्जेंटिनापर्यंत पसरलेलं कापाक न्यान हे त्यांचं रस्त्यांचं जाळं सुमारे ३०,००० किलोमीटरचं. २०१४ साली सहा देशांच्या नावाने ते युनेस्कोच्या यादीत गेलं. त्यातले काही रस्ते तर इन्कांच्याही आधीचे, वारी नावाच्या जुन्या राज्याच्या काळातले. पुढे स्पॅनिश लोक घोडे घेऊन आले तेव्हा याच पायऱ्यांवर त्यांची पंचाईत झाली.

मग सायकल चालते कुठे? इन्कांची जुनी राजधानी कुस्को, तिच्याजवळच्या मारासच्या पठारावर, आणि पलीकडे लारेसच्या बाजूला. मारासला लाल मातीची शेतं, त्यांच्यामधून जाणाऱ्या पायवाटा आणि समोर बर्फाची रांग. मोरायची गोल गोल उतरत गेलेली शेतं बघून मिठागरांकडे निघालात की वाट उरुबांबाच्या खोऱ्यात उतरते. एका बाजूला डोंगराला चिकटलेले मिठाचे हजारो वाफे, दुसऱ्या बाजूला दरी. सिंगलट्रॅक, म्हणजे एकच सायकल जाईल एवढी अरुंद वाट, म्हणून मला विचाराल तर यापेक्षा फार काही मागू नये.

लारेसकडची मजा वेगळी. तिथे मातीच्या वाटेत मध्येच जुन्या फरसबंदीचा तुकडा लागतो. अशाच एका तुकड्यावर वाटेला आडवी गेलेली दगडी मोरी दिसली म्हणून उतरले. वीतभर रुंद, तळाला सपाट दगड बसवलेले, उताराच्या बाजूला जरा तिरपी. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. डोंगरावरून आलेलं पाणी त्या मोरीत शिरलं आणि गपचूप दरीकडे निघून गेलं. फरसबंदी जागची हलली नाही. खालच्या नव्या कच्च्या रस्त्यावर मात्र तोवर गुडघाभर घळ पडली होती. वेगात असते तर ती मोरी मला फक्त पुढचं चाक अडकवणारी भानगड वाटली असती.

तेव्हापासून माझा नियम असा, की रचलेला दगड दिसला की उतरायचं. ओल्या फरसबंदीवर ब्रेक दाबून चाक घसटलं की दगड सुटायला लागतात, आणि ते परत बसवायला तुम्ही थांबणार नसता. मातीच्या वाटेवरही आधी लामा, मग माणसं, शेवटी आपण. अपवाद धनगरांच्या कुत्र्यांचा, ते कुणाचाच क्रम मानत नाहीत. सायकल बघून धावत आले की उतरा, सायकल मध्ये धरा आणि दगड उचलायला वाकल्यासारखं करा. कुठल्याही माहितीपत्रकात हे नसतं, पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच.

दमाचं विचाराल तर कळसूबाई १,६४६ मीटर, आणि कुस्कोचा नुसता बाजारच ३,४०० मीटरवर. सह्याद्रीतला स्टॅमिना तिथे फारसा चालत नाही. उतरल्या उतरल्या कुस्कोत मुक्काम करण्यापेक्षा ओल्यांतायतांबोला जा, ते साधारण ६०० मीटर खाली आहे. दोन-तीन रात्री तिथे काढा, भरपूर पाणी प्या, मगच पेडलला पाय लावा. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो, खुशाल प्या. पण पानं बॅगेत टाकून आणू नका, भारतात तो गुन्हा आहे.

सायकल इथून नेऊ नका. कुस्कोत भाड्याने मिळते. ब्रेकपॅड मात्र स्वतः काढून बघा, कारण हजार-दीड हजार मीटरचा सलग उतार असतो. आणि ट्रेकवाल्यांनो, तुम्ही चोकेकिरावला, म्हणजे इन्कांच्याच दुसऱ्या एका जुन्या शहराच्या अवशेषांकडे जा. आपुरिमाक नदीपर्यंत दीड हजार मीटर उतरायचं आणि पलीकडे तेवढंच चढायचं. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. माचू पिचूच्याच वाटेने जायचं असेल तर परवाना कित्येक महिने आधी काढा, आणि तोही विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी.