शेअर आणि गुडघे

दुपारी जेवून जरा आडवी होतेय तोच भावाचा मेसेज आला. 'ते शेअर काढून टाकू का? आईचे गुडघे कसे आहेत?' एका दमात दोन्ही. हसू आलं, आणि आठवली 'जेन एअर' लिहिणारी शार्लट ब्राँटे.

हल्ली मला जुनी पत्रं वाचायचा नाद लागलाय. दुसऱ्यांची. स्वतःची वाचवत नाहीत.

शार्लटने 30 जानेवारी 1846 ला आपल्या शाळेतल्या जुन्या बाईंना, मिस वूलरना, पत्र लिहिलं. मावशी 1842 मध्ये वारली तेव्हा भाच्यांना थोडे पैसे ठेवून गेली होती. ते तिघी बहिणींनी यॉर्क अँड नॉर्थ मिडलंड रेल्वेच्या शेअरमध्ये घातले. तेव्हा इंग्लंडात जो तो रेल्वेच्या मागे. शार्लटला वाटत होतं, भाव असाच चढा राहणार नाही, वेळेत विकून मोकळं व्हावं. पण बहीण एमिली ऐकेना. शार्लट ब्रसेल्सला असताना सगळा व्यवहार तिनेच चोख सांभाळलेला. मग शार्लट लिहिते की एमिलीचं मन दुखवण्यापेक्षा नुकसान झालं तर सोसेन. आणि त्याच पत्रात भाऊ ब्रॅनवेलचं रडगाणं: कामधंदा बघत नाही, हातात पैसा पडला तर स्वतःचं वाटोळंच करून घेईल.

घरोघरी एक ब्रॅनवेल असतोच. आमच्याकडे दोन होते, पण ते जाऊ द्या.

आजोबांची अंतर्देशीय पत्रं अशीच असायची. गुळाला भाव नाही, धाकटीचा खोकला जात नाही, सोसायटीचा हप्ता थकलाय, तब्येतीला जपा. जागा संपली की मजकूर समासात चढायचा, तिथून दुमडायच्या पट्टीवर. आणि खरी गोष्ट नेमकी तिथेच, ता. क. मध्ये. आम्ही पोरं घाईने पत्र फाडायचो आणि हप्त्याचा आकडा दोन तुकड्यांत जायचा. मग बाबा खाटेवर ते तुकडे जुळवत बसायचे, आणि आई स्वयंपाकघरातून 'किती म्हणतात?' म्हणून विचारायची.

विलायतेतही कागदाची काटकसर होतीच. 1840 मध्ये पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत देशभर पत्र, येईपर्यंत टपालखर्च कागदांच्या संख्येवर, आणि तोही बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी. म्हणून पान भरलं की ते आडवं फिरवून आधीच्या ओळींवरूनच लिहायचे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचं काय होत असेल ते त्यालाच ठाऊक.

एमिली डिसेंबर 1848 मध्ये गेली. तिच्याआधी तीनच महिने ब्रॅनवेल, आणि पुढच्या मे महिन्यात धाकटी बहीण ॲन. त्या 1849 मध्येच याच रेल्वे कंपनीच्या प्रमुखाची, रेल्वेचा राजा म्हणवणाऱ्या जॉर्ज हडसनची, लबाडी बाहेर आली. मग शार्लट आपल्या प्रकाशकाला हिशेब कळवते: पन्नास पौंडांचा शेअर एकशेवीसपर्यंत गेला होता, आता वीसवर आलाय. बाबांना याची पुरती कल्पना नाही, त्यांना हळूहळू सांगावं लागेल.

(त्याच साली आपल्याकडच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या भागधारकांना मात्र ईस्ट इंडिया कंपनीने पाच टक्क्यांची हमी दिली. निवांत झोप विलायतेतल्या भागधारकांची, पैसा हिंदुस्थानच्या तिजोरीतला.)

'बाबांना आत्ताच सांगू नकोस' हे वाक्य कोणत्या घरात बोललं गेलेलं नाही? पण शार्लटचं पुढचं म्हणणं मला काही केल्या पटत नाही. म्हणते, कितीकांच्या तोंडचा घास गेला, आपली नुसती पुढची तरतूद गेली, तेव्हा आपण कुरकुर करू नये. अगं बाई, वर्षाच्या आत तिन्ही भावंडं गेली, वर पैसेही बुडाले. आता नाही तर कधी करणार कुरकुर? चांगली चार पानं भरून करायची. टपाल तर एका पेनीत जात होतं.